मापाने बांधून घेतलेली सायकल : आपल्या नव्या आणि घडवलेल्या सायकलींविषयी

चढणवाट

नमस्कार. गेली सात वर्षे मी पुण्यात आणि आसपासच्या घाटांत सायकल चालवते. माझी उंची १५२ सेंटिमीटर आहे आणि दुकानात 'सर्वांत लहान माप' म्हणून जी सायकल मिळते, तीच मी इतकी वर्षे आपली मानून चालवली. हँडल धरण्यासाठी खांदे पुढे ओढावे लागत, दोन तासांनी मानेत कळ येई आणि हळू वेगात वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला घासे. सायकल चालवणे म्हटले की हे असायचेच, अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात बोपदेव घाटाच्या एका तीव्र वळणावर पाय चाकाला अडकून मी आडवी झाले, आणि मागून गाडी येत नव्हती एवढ्यावरच निभावले. त्यानंतर मी नवी सायकल विकत न घेता बांधून घ्यायची ठरवली.

फ्रेम बांधणारे कारागीर एकटेच काम करतात. पहिल्या भेटीत त्यांनी दोन तास मापे घेतली, पायाची आतील उंची, मांडी, धड, हात, खांद्यांची रुंदी, इतकेच काय बुटाचीही लांबी मोजली, आणि रंग कोणता हवा हे शेवटी निघताना विचारले. नळ्या रेनॉल्ड्स ७२५ या पोलादाच्या असून जोड टिग वेल्डिंगचे आहेत. चाके ६५०बी आकाराची, टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे आणि क्रँक, म्हणजे पेडल ज्यांना जोडलेले असते ते दांडे, १५५ मिलिमीटर लांबीचे आहेत. पुढे ४६ आणि ३० दातांची चक्रे आहेत, मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच, आहे. मडगार्ड, पुढचा लहान कॅरिअर आणि डायनॅमो हब (चाकाच्या मध्यभागीच वीज तयार करणारा) धरून वजन १२.६ किलो भरले.

पहिल्याच रविवारी सासवडपर्यंत जाऊन आले. मान दुखली नाही, हे घरी आल्यावर अंघोळ करताना लक्षात आले.

आपल्यापैकी ज्यांनी सायकल बांधून घेतली आहे, स्वतः जोडली आहे किंवा जुनीला नवे रूप दिले आहे, त्यांनी मापांसह आणि चुकांसह सविस्तर लिहावे, ही विनंती.

गणितवेडा

मनःपूर्वक अभिनंदन. एक शंका मात्र विचारल्यावाचून राहवत नाही. ६५०बी रिमचा व्यास ५८४ मिलिमीटर आणि ७००सी रिमचा ६२२ मिलिमीटर. त्यावर ३८ चा टायर चढवला की तुमच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३३० होते, तर ७००सी रिमवर २८ चा टायर लावल्यास ती ३३९ होते. म्हणजे फरक अवघा ९ मिलिमीटरचा. एवढ्यासाठी चाकाचा आकार बदलून पायाची अडचण खरोखर सुटते का, की रुंद टायरमुळे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते?

चढणवाट

आपला हिशेब बरोबर आहे आणि हाच प्रश्न मी कारागिरांना विचारला होता. त्यांचे म्हणणे असे की तुलना करायची तर सारख्या रुंदीच्या टायरची करावी. मला खडीच्या रस्त्यांसाठी ३८ चे टायर आणि पावसासाठी मडगार्ड हवेच होते, आणि ७००सी रिमवर हेच टायर लावले असते तर त्रिज्या ३४९ झाली असती. तेव्हा वाचलेले अंतर १९ मिलिमीटर धरायला हवे. क्रँक १७० वरून १५५ केल्याने आणखी १५ मिलिमीटर मिळाले. शिवाय पुढच्या नळीचा कोन ७१.५ अंश ठेवून आणि चिमट्याला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांना, ५५ मिलिमीटर पुढचा बाक देऊन त्यांनी चाकच थोडे पुढे सरकवले. यांतील कोणत्याही एका उपायाने काम झाले नसते. तिन्ही एकत्र आल्यावर आता बूट आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जागा राहते.

आखूड क्रँकचा दुसरा लाभ मला अपेक्षित नव्हता. पेडल वर येते तेव्हा गुडघा पूर्वीइतका दुमडत नाही, त्यामुळे लांबच्या चढानंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला येणारा ठणका कमी झाला आहे.

गणितवेडा

समाधान झाले. वाचणाऱ्यांसाठी एक पुरवणी जोडतो. पायाच्या आतील उंचीला ०.८८३ ने गुणून सीटची उंची काढण्याची रीत सर्वत्र सांगितली जाते, परंतु तीत नेहमीच्या लांबीचे क्रँक गृहीत धरलेले असतात. क्रँक १५ मिलिमीटरने आखूड केला तर सीट जवळपास तितकीच वर घ्यावी लागते, आणि सीट वर गेली की हँडल तुलनेने खाली जाते. म्हणून केवळ क्रँक बदलून थांबू नये, हँडलची उंचीही पुन्हा तपासावी.

जुनी कडी

ताई, तुमची सायकल पाहून आनंद झाला. माझी गोष्ट अगदी उलट्या टोकाची आहे, कारण माझी सायकल माझ्या जन्माच्याही आधीची आहे. आजोबांनी एका शिक्षकांकडून घेतलेली नॉटिंगहॅमची रॅले कोल्हापूरच्या आमच्या वाड्यात माळ्याखाली तीस वर्षे उभी होती. नगरपालिकेचा पितळी बिल्ला अजून तिच्या हँडलखाली आहे. तो मी घासून चकचकीत केला नाही, तसाच काळवंडलेला ठेवला.

तिला पुन्हा रस्त्यावर आणताना दोन गोष्टींनी माझी परीक्षा पाहिली. पहिली म्हणजे बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या तळाशी क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग. हल्ली सर्वत्र मिळणाऱ्या इंग्लिश पद्धतीच्या कपांना इंचाला २४ आटे असतात, तर रॅलेच्या जुन्या सायकलींत ते २६ असतात. हे ठाऊक नसलेल्या एका मेकॅनिकने नवा कप पान्याने रेटून बसवण्याचा प्रयत्न सुरू केला होता आणि मी वेळेवर पोहोचलो नसतो तर फ्रेमचे आटेच गेले असते. शेवटी जुनेच कप रॉकेलमध्ये भिजवून स्वच्छ केले, त्यांत नवे छर्रे आणि ताजे ग्रीस भरले, आणि कॉटर पिनचे, म्हणजे आसावर पाचरीने अडकवलेले, क्रँक तसेच ठेवले. कॉटर पिन काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा आणि मगच हातोडा मारावा. आधार नसेल तर मार छर्ऱ्यांवर बसतो आणि कपाला खळगे पडतात.

दुसरी गोष्ट ब्रेकची. सळईच्या ब्रेकची रबरे क्रोमच्या पोलादी रिमवर पावसात जवळपास धरतच नाहीत, आणि आमच्याकडचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. मी दोन्ही चाकांना ड्रम ब्रेकचे हब घेतले, मागचे स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे. ही कंपनी मूळची नॉटिंगहॅमचीच आणि रॅलेच्याच घरची, पण २००० सालापासून तैवानच्या मालकीची. त्यामुळे एका गावची दोन माणसे परमुलखात भेटावीत, तसे काहीसे माझ्या सायकलीत घडले आहे. जुन्या इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत आणि नव्या हबला भोके ३६, त्यामुळे रिमही बदलणे आले. ब्रेक हबमध्येच असल्याने रिमचा व्यास बदलला तरी बिघडत नाही, म्हणून २८ इंची ६३५ च्या जागी सरळ ७००सीची ॲल्युमिनियमची रिम घेतली. मागचा चिमटा काही मिलिमीटर फाकवावा लागला आणि पुढच्या चिमट्याच्या खाचा कानशीने किंचित रुंद कराव्या लागल्या. फ्रेम पोलादाची असल्यामुळेच हे शक्य झाले. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कोणी करू नये, ती तडकते.

मधला गिअर थेट, खालचा त्याच्या पाऊणपट आणि वरचा सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश. पंचगंगेच्या घाटापासून रंकाळ्यापर्यंत आणि तिथून परत, एवढ्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

कार्बनपंथी

सर्वांचे कष्ट कौतुकास्पद आहेत, परंतु मला थोडे विरोधी मत मांडू द्यावे. १२.६ किलोची सायकल घाटात ओढण्यात कोणते सुख आहे, हे मला समजत नाही. मी यंदा कार्बनची नवी सायकल घेतली, ती पेडलसह ७.९ किलो आहे. शर्यतीच्या सायकलींना जागतिक संघटनेने २००० सालापासून ६.८ किलोची किमान मर्यादा घातली, कारण कारखान्यांना त्याहीखाली जाता येऊ लागले होते. एवढे तंत्रज्ञान उपलब्ध असताना पोलादाकडे परत जाणे मला निव्वळ भावनिक वाटते.

चढणवाट

वजनाचा मुद्दा मी टाळणार नाही. माझी जुनी सायकल ९ किलोची होती. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून आता ६८ किलो होतात. म्हणजे वाढलेले ३.६ किलो एकूण ओझ्याच्या सुमारे ५ टक्के झाले, आणि तासाभराच्या चढाला त्यामुळे तीन मिनिटे जास्त लागतात. शर्यतीत तीन मिनिटे म्हणजे सर्वस्व, पण मी शर्यतीत उतरत नाही.

माझ्या चढाईत खरा बदल गिअरने केला. जुन्या सायकलीवर सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे २८ दातांचा होता, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाई. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी ९ किलोमीटरहून अधिक वेग ठेवणे भाग होते, आणि तो माझ्याने होत नसल्याने मी उभी राहून पेडलवर अक्षरशः लोंबकळत असे. आता ३० आणि ३४ च्या जोडीने एका फेऱ्यात १.८३ मीटर अंतर जाते आणि ताशी साडेसहा किलोमीटरने बसून, श्वास न तुटता चढता येते. दुकानातील सायकलींचे गिअर कोणाच्या पायांचा विचार करून ठरवतात, हा प्रश्न मला आता वारंवार पडतो.

धातुकाम

कार्बनपंथी यांना उत्तर म्हणून नव्हे, पण पोलादाविषयी जे गूढ पसरवले जाते त्यावर थोडे लिहितो, कारण मी व्यवसायाने त्याच क्षेत्रात आहे. 'अमुक क्रमांकाचे पोलाद जास्त लवचीक', 'तमुक पोलाद जिवंत वाटते', अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. साध्या पोलादाची, क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची), १९३५ साली आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ ची आणि आजच्या ८५३ ची लवचीकता व्यवहारात एकच आहे, कारण पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक मिश्रधातू बदलल्याने फारसा बदलत नाही. बदलते ती ताकद. ताकद जास्त असली की नळीची भिंत पातळ ठेवता येते, जोडाजवळ ०.८ आणि मध्ये ०.५ मिलिमीटर इतकी, आणि भिंत पातळ झाली की वजन घटते व नळी किंचित अधिक लवते. तेव्हा अनुभवास येणारा फरक नळीच्या व्यासाचा आणि जाडीचा असतो, तिच्यावर चिकटवलेल्या लेबलाचा नसतो.

आणखी एक अप्रिय सत्य सांगतो. रस्त्याचे हादरे शोषण्यात फ्रेमचा वाटा फार थोडा आणि टायरचा वाटा फार मोठा असतो. चढणवाट यांना मिळालेला आराम बराचसा त्यांच्या ३८ मिलिमीटरच्या टायरमधील कमी हवेचा आहे. पोलादाचा खरा गुण मला वेगळा वाटतो. ते वाकवता येते, त्याला डाग देता येतो, आणि बहुतेक वेळा मोडण्यापूर्वी ते सूचना देते.

कार्बनपंथी

टायरविषयीचे म्हणणे मान्य आहे. माझ्या सायकलीत ३२ पर्यंतचेच टायर मावतात आणि खरे सांगायचे तर मुळशीकडच्या खराब पट्ट्यात मला त्याची जाणीव होते.

चाकजोड

मी संपूर्ण सायकल बांधली नाही, फक्त चाके जोडली, पण त्यातच तीन महिने गेले. प्रत्येकी ३२ तारा, प्रत्येक तार इतर तीन तारांना ओलांडून जाणारी, हे सर्व पाठ करून बसलो आणि मागच्या चाकाच्या सर्व तारा एकाच लांबीच्या मागवल्या. मागच्या चाकात कॅसेटला जागा देण्यासाठी उजवी बाजू आत ओढलेली असते, त्यामुळे तिकडच्या तारा सुमारे दोन मिलिमीटर आखूड लागतात आणि त्यांच्यावर ताणही बराच जास्त असतो. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात हेच डाव्या बाजूला घडते. चूक कळली तेव्हा निप्पल (तार आवळणारे छोटे नट) रिमच्या तळाशी टेकले होते आणि तारा अजून सैलच होत्या.

दुसऱ्या खेपेला आमच्या चौकातील सायकल दुकानाच्या मालकांकडे बसून शिकलो. ते ताण मोजण्याचे यंत्र वापरत नाहीत. तार नखाने छेडतात, आवाज ऐकतात आणि एका बाजूच्या सर्व तारांतून एकच सूर निघेपर्यंत निप्पल पाव-पाव फेरा फिरवत राहतात. यंत्राने तपासले तेव्हा त्यांचा हिशेब थक्क करणारा निघाला. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून झाल्यावर समांतर तारांच्या जोड्या हातमोजे घालून जोरात आवळायच्या, म्हणजे तारा हबच्या भोकांत नीट बसतात आणि पहिल्याच खड्ड्यात चाक पुन्हा वाकडे होत नाही, हे त्यांनी हात धरून शिकवले. त्या चाकांवर आता साडेतीन हजार किलोमीटर झाले असून पान्याची गरज एकदाच पडली.

खारा वारा

मी रत्नागिरीचा. पोलादाची फ्रेम घेणाऱ्या सर्वांना किनाऱ्यावरून एक सांगणे आहे. गंज बाहेरून दिसतो तेव्हा घाबरण्याचे कारण नसते, तो आतून लागतो तेव्हा उपाय उरत नाही. सीटच्या नळीतून झिरपलेले पावसाचे पाणी बॉटम ब्रॅकेटमध्ये साचते, म्हणून तिथे खालच्या बाजूला निचऱ्याचे भोक आहे का ते पाहावे आणि नसल्यास रंगापूर्वीच पाडून घ्यावे. नळ्यांच्या आत उकळलेले जवसाचे तेल ओतून सायकल सर्व बाजूंना फिरवावी आणि दोन-तीन दिवस सुकू द्यावी, त्याचा पातळ थर बसतो. मी दर वर्षी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास हे करतो. सीटचा दांडाही वर्षातून एकदा काढून ग्रीस लावावे. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे तसाच राहिला तर दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी करवत घ्यावी लागते. मला घ्यावी लागली होती.

जुनी कडी

पावडर कोटिंग करून घेणाऱ्यांनीही सावध राहावे. माझ्या फ्रेमचे आटे झाकायला सांगूनही झाकले गेले नाहीत आणि भाजलेला रंग आट्यांत दगडासारखा बसला. २६ आट्यांचा टॅप कोल्हापुरात कुठे मिळणार? बाभळीची काडी तासून, रंग विरघळवणारे द्रव लावत, चार संध्याकाळी मी एकेक आटा मोकळा केला. सौ. रोज विचारायच्या, 'झाले का दात कोरून?'

रात्रपाळी

नाशिकहून लिहितो. माझी सायकल ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर पुरे करण्याच्या सायकलस्वारीसाठी, बांधलेली आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास, अशी मुदत असते, आणि पुढे २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाण्याची इच्छा आहे. तिथे १२०० किलोमीटरला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. रात्री दिवा लागतोच, म्हणून मी चढणवाट यांच्याप्रमाणेच डायनॅमो हब घेतला. तो ६ व्होल्ट आणि ३ वॅट देतो. आकडा लहान वाटतो, पण हल्लीच्या एलईडी दिव्यांना तो पुरतो आणि पहाटे तीन वाजता कसारा घाटात बॅटरी किती टक्के उरली, ही काळजी उरत नाही. टायरला घासणाऱ्या जुन्या बाटली डायनॅमोची जी घरघर आपण लहानपणी ऐकली, तीही यात नाही.

ब्रेक मात्र मी केबलचे डिस्क ब्रेक निवडले. हायड्रॉलिक ब्रेक बोटाच्या इशाऱ्यावर धरतात, हे मान्य. पण शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते आणि स्रॅमच्या रोड सायकलींच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे भरले की आतील रबरी सील खराब होतात. रात्री एखाद्या तालुक्याच्या गावी ब्रेकचे तेल शोधण्यापेक्षा तिथल्या साध्या दुकानात मिळणारी केबल मला जास्त भरवशाची वाटते.

नवखा

सर्व लेखन दोनदा वाचले. मी महाविद्यालयात आहे आणि फ्रेम बांधून घेण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. माझी उंची ५ फूट ३ इंच आहे आणि सायकल जुनी, हायब्रिड प्रकारची आहे. एवढ्यात काय सुधारता येईल?

चढणवाट

पुष्कळ सुधारता येईल, आणि आधी करायच्या गोष्टी स्वस्त आहेत. टायरमधील हवा कमी करून पाहा. बाजूला लिहिलेला कमाल आकडा भरायलाच हवा, असा नियम नाही. माझे वजन ५२ किलो आहे आणि मी ३८ च्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय भरते. त्यानंतर हँडल दूर वाटत असेल तर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) घ्या, तो फार महाग नसतो. सीट पुढे सरकवून हँडल जवळ आणण्याचा मोह टाळा, कारण सीटची जागा पेडलच्या हिशेबाने ठरते. कॅसेट झिजून बदलायची वेळ येईल तेव्हा मागे मोठ्या दातांची घ्या, मात्र तुमचे डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दातांपर्यंत चालते ते आधी तपासा. क्रँक सर्वांत शेवटी.

धातुकाम

याला माझा पूर्ण पाठिंबा. एक प्रश्न चढणवाट यांना : चार महिन्यांनंतर, हीच फ्रेम पुन्हा बांधायची झाली तर काय बदलाल?

चढणवाट

बाटलीच्या जाळीची भोके. फ्रेम इतकी लहान आहे की सीटच्या नळीवरील बाटली सरळ वर ओढली की आडव्या नळीला अडकते. कारागिरांनी मला भेटीतच विचारले होते की बाटली केवढी वापरता, आणि मी काही विचार न करता 'नेहमीची' असे उत्तर दिले. आता एका बाजूने उघडणारी जाळी लावली आहे, तरी चढावर एका हाताने बाटली काढताना सायकल डगमगते. भोके दोन इंच खाली हवी होती. ती आता रंग खरवडल्याशिवाय पाडता येणार नाहीत, आणि तो निळा रंग मिळवायला मी सहा आठवडे थांबले होते.

जुनी कडी

मग राहू द्या. आमच्या आजोबांच्या सायकलीला बाटलीची सोयच नाही, मी फिरकीचा तांब्या कॅरिअरला बांधतो.